मेमरी एक की दोन? – एका फसलेल्या खरेदीचा अभ्यास

सुरुवातीलाच माफी मागून घेते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसा, पण पान उलटू नका. मराठी विभागाच्या संपादकांनी मला गाठून सांगितलं, "इंग्लिश सेक्शनमध्ये टेक्निकल लेखांची रांग लागली आहे, मराठीत सगळे कविताच देतात. तू काहीतरी अभ्यासाचं लिही." म्हणून हा खटाटोप. विषय तसा रुक्ष आहे: मशीन लर्निंगसाठी कॉम्प्युटर घेताना सीपीयू आणि जीपीयू यांची मेमरी एकत्र असलेली बरी की वेगळी? पण या विषयात माझ्या बाबांचे ७२ हजार रुपये अडकलेले आहेत, त्यामुळे मला तरी तो रुक्ष वाटत नाही.

आधी माझी फजिती

सेकंड इयरला असताना मी लॅपटॉप घेतला. बाबांनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं. दुकानदाराने स्क्रीनवर एक खिडकी उघडून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, बघा, जीपीयू मेमरी १२ जीबी!" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. इंजिनिअरिंगची मुलगी म्हटल्यावर माझ्या मानेवर त्यांचा पूर्ण विश्वास!

यंदा टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टला आमच्या चौघांच्या ग्रुपने एक लँग्वेज मॉडेल घेतलं. शेतीविषयक माहितीपत्रकं त्याला द्यायची आणि मराठीत प्रश्न विचारला की मराठीत उत्तर मिळवायचं. मॉडेल ७०० कोटी पॅरामीटरचं, फाईल ७ जीबीची. "१२ जीबीत ७ जीबी बसणारच की," असं मीच ग्रुपला छातीठोकपणे सांगितलं. रिव्ह्यूच्या दिवशी सरांनी प्रश्न टाईप केला, "कापसावरची बोंडअळी कशी ओळखावी?" मॉडेल बंद नाही पडलं. पडलं असतं तर बरं झालं असतं. ते एकेक अक्षर लिहायला लागलं. 'बोंडअळी' हा एवढासा शब्द, पण तो उमटेपर्यंत सर पुढच्या ग्रुपकडे सरकले होते.

संध्याकाळी रूमवर येऊन मी रडले. माझ्या रूममेटकडे मॅकबुक एअर आहे, एम२ चिपचा, १६ जीबीचा. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. तिने सहज म्हणून तीच फाईल चालवली आणि उत्तर भराभर खाली उतरलं. तेव्हा मात्र डोकं सटकलं. गाईड मॅडमकडे गेले तर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, रडतेस कशाला? आधी कागदावर गणित मांड." तेच गणित आता तुमच्यापुढे मांडते.

मेसचं उदाहरण

आपली मेस डोळ्यांसमोर आणा. महाराज म्हणजे सीपीयू: एकटा माणूस, पण भाजी, आमटी, हिशेब, भांडण सगळं करतो. पोळ्या लाटणाऱ्या मावश्या म्हणजे जीपीयू: काम एकच, पण सगळ्या मिळून एकदम करतात. मशीन लर्निंगमध्ये लाखो गुणाकार-बेरजा एकसारख्या करायच्या असतात, म्हणून तिथे मावश्या लागतात.

आता कणीक कुठे ठेवायची? पहिली पद्धत: मोठी कोठी मागच्या बाजूला (ही झाली नेहमीची रॅम) आणि मावश्यांच्या हाताशी एक छोटं पिंप (ही कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम). कोठी आणि पिंप यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. त्याचं नाव पीसीआय एक्सप्रेस. पिंपातली कणीक संपेपर्यंत कामाचा धडाका असतो. संपली की कुणीतरी बोळातून डोक्यावर पोतं घेऊन येईपर्यंत सगळ्या मावश्या लाटणी हातात धरून बसून राहतात.

दुसरी पद्धत: स्वयंपाकघराच्या मधोमध एकच मोठी कोठी. महाराजही तिथूनच घेतात, मावश्याही तिथूनच. बोळ नाही, पोती वाहणं नाही. ही युनिफाइड मेमरी. पण या कोठीच्या दाराची रुंदी किती, हा प्रश्न उरतोच. त्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच आहे, जीबी नाही.

बँडविड्थचं सूत्र

बस किती बिटची आहे गुणिले प्रत्येक तारेचा वेग, भागिले आठ. बस्स! एम२ मध्ये १२८ बिटची बस आणि ६४०० मेगाट्रान्सफरची एलपीडीडीआर५ मेमरी. उत्तर सेकंदाला १०२ जीबी, म्हणजे ढोबळमानाने १००. आरटीएक्स ४०९० हे २०२२ चं कार्ड घ्या: ३८४ बिट गुणिले २१ गिगाबिट भागिले आठ, म्हणजे सेकंदाला १००८ जीबी. दहापट! पण त्या कार्डावर मेमरी फक्त २४ जीबी.

हा फरक का? कार्डावरची जीडीडीआर मेमरी वेगासाठी बनवलेली असते. ती वीज खाते, तापते आणि जीपीयूच्या भोवती अगदी जवळ बसवावी लागते, त्यामुळे तिचं प्रमाण मर्यादित राहतं. एलपीडीडीआर मूळची मोबाईलमधली, कमी वीज खाणारी. ती भरपूर बसवता येते, पण एका तारेमागे वेग कमी. मग युनिफाइडवाले दार रुंद करतात. ॲपलच्या २०२१ च्या एम१ मॅक्समध्ये ५१२ बिटची बस होती, म्हणून सेकंदाला ४०० जीबी मिळाले. २०२५ च्या एम३ अल्ट्रामध्ये ५१२ जीबीपर्यंत मेमरी आणि सेकंदाला ८१९ जीबी वेग आहे. म्हणजे "युनिफाइड म्हणजे स्लो" हे सरसकट म्हणणं चूक. दार किती रुंद, ते बघायचं.

माझ्या लॅपटॉपचं पोस्टमॉर्टेम

लँग्वेज मॉडेल उत्तर एकदम देत नाही, तुकड्या-तुकड्याने देतं. या तुकड्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनसाठी मॉडेलचे सगळेच्या सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचावे लागतात. एकच माणूस प्रश्न विचारत असेल, तर गुणाकाराला लागणारा वेळ त्यापुढे किरकोळ असतो. म्हणून कमाल वेग म्हणजे बँडविड्थ भागिले मॉडेलचा आकार. मॅकबुकचं गणित: १०० भागिले ७, म्हणजे सेकंदाला १४ टोकन. झालं.

आता माझा लॅपटॉप. दुकानदाराच्या त्या '१२ जीबी'त कार्डावरची खरी मेमरी होती ४ जीबी. उरलेली ८ जीबी म्हणजे माझ्याच १६ जीबी रॅममधली निम्मी, जी गरज पडली तर कार्डाला उसनी वापरता येते. विंडोज या दोन्हीची बेरीज दाखवतं, आणि दोन्ही आकडे खाली वेगवेगळे लिहिलेलेही असतात. मीच वाचले नाहीत. म्हणजे पिंप ४ जीबीचं, बाकी सगळं बोळापलीकडच्या कोठीत.

कार्डावर डिस्प्लेचा वाटा सोडून साडेतीन जीबी मोकळी होती. तिचा वेग सेकंदाला १९२ जीबी. मॉडेलचा पहिला अर्धा भाग तिथे बसला, तो वाचायला ०.०१८ सेकंद. उरलेले साडेतीन जीबी रॅममध्ये सांडले. कार्ड ते बोळातून ओढणार. माझ्या लॅपटॉपमध्ये हा बोळ पीसीआय एक्सप्रेस ४ चा पण आठच लेनचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ जीबी. ३.५ भागिले १६, म्हणजे ०.२२ सेकंद. एकूण ०.२४, म्हणून सेकंदाला चारच टोकन, तेही सगळं सुरळीत चाललं तर. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळाले. वर मराठीचा फटका वेगळा. या मॉडेलची टोकन मुळात इंग्रजीसाठी पाडलेली, त्यामुळे एका मराठी शब्दाचे पाच-सहा तुकडे सहज होतात. आता कळलं ना 'बोंडअळी' का अडकली ते?

आणि प्रोग्रॅम बंद का नाही पडला? कारण २०२३ पासून विंडोजवरच्या एनव्हिडिया ड्रायव्हरमध्ये अशी सोय आहे, की कार्ड भरलं तर एरर न देता तो गुपचूप रॅम वापरायला लागतो. सेटिंगमध्ये ती बंद करता येते. मी बंद केल्यावर मला पहिल्यांदा स्वच्छ 'आउट ऑफ मेमरी' अशी एरर दिसली. इतका आनंद एरर बघून कधी झाला नव्हता!

गंमत पुढे आहे. मी कार्ड पूर्ण बाजूला ठेवून मॉडेल नुसत्या सीपीयूवर चालवलं. माझ्या रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, डीडीआर४ ३२००, म्हणून वेग सेकंदाला ५१ जीबी. ५१ भागिले ७, सात टोकन. म्हणजे कार्ड वापरण्यापेक्षा न वापरणं जास्त फास्ट! मग मॅडमनी तिसरा उपाय सुचवला: कार्डात बसतील तेवढे थर कार्डाला द्यायचे आणि उरलेल्या थरांचं गणित सीपीयूनेच, जिथे ते पडले आहेत तिथेच करायचं. बोळातून पोती नाही न्यायची, फक्त अर्धवट उत्तराची चिठ्ठी न्यायची. हिशेब: ०.०१८ अधिक ०.०६८, म्हणजे ०.०८६ सेकंद. सेकंदाला साडेअकरा टोकन. प्रत्यक्ष आकडे तिन्ही वेळा कागदापेक्षा कमी आले, पण क्रम हाच राहिला: चार, सात, अकरा. लॅपटॉप तोच, मॉडेल तेच. फक्त बोळ कुणी आणि किती वेळा ओलांडायचा, एवढंच बदललं.

'युनिफाइड'चे तीन अर्थ (व्हायवासाठी महत्त्वाचे!)

इथे भल्याभल्यांची विकेट जाते, म्हणून नीट वाचा.

१) जुनी शेअर्ड मेमरी. स्वस्त कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्सला रॅममधला एक तुकडा तोडून दिलेला असायचा. कोठी एकच, पण मध्ये भिंत. एकीकडचं दुसरीकडे न्यायला कॉपी करावीच लागायची. त्यावरून 'शेअर्ड' या शब्दाची बदनामी झाली.

२) खरी युनिफाइड मेमरी. मेमरी एक, पत्ता एक, सीपीयूने लिहिलेलं जीपीयूने थेट वाचायचं. ही कल्पना नवीन नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९६ च्या ओ२ वर्कस्टेशनमध्ये ती होती. गेम खेळणाऱ्यांना दुसरं उदाहरण पटेल. एक्सबॉक्स ३६० मध्ये (२००५) ५१२ एमबी एकत्र होती. प्लेस्टेशन ३ मध्ये (२००६) एकूण तेवढीच, पण २५६ अधिक २५६ अशी वाटलेली. पुढे २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला तेव्हा त्यात ८ जीबी जीडीडीआर५ एकत्रच होती. ॲपलने २०२० मध्ये एम१ मध्ये हेच लॅपटॉपवर आणलं. काही जणांच्या प्रोजेक्टमध्ये असणारा जेटसन नॅनोही याच जातीचा: ४ जीबी, सेकंदाला २५.६ जीबी, दोघांत मिळून.

३) कुडामधली 'युनिफाइड मेमरी'. २०१४ च्या कुडा ६ मध्ये ही सोय आली. इथे फक्त पत्ता एक असतो. साध्या कार्डाच्या मशीनमध्ये कोठी आणि पिंप वेगळेच राहतात, पानं आपोआप इकडून तिकडे हलवली जातात. कोड लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात, बोळ मात्र तेवढाच अरुंद. नाव तेच म्हणून फसू नका.

मग ट्रेनिंगचं काय?

आत्तापर्यंत वाचून तुम्ही मॅकबुकच्या दुकानाकडे निघाला असाल तर जरा थांबा. तयार मॉडेल चालवणं वेगळं आणि मॉडेलला शिकवणं वेगळं.

शिकवताना एका वेळी अनेक उदाहरणांचा घाणा काढतात. मेमरीतून एकदा वाचलेला आकडा शेकडो वेळा वापरला जातो. तिथे दारापेक्षा मावश्यांची संख्या आणि हाताचा वेग जास्त मोजला जातो. सेकंड सेमच्या असाइनमेंटला आम्ही दोघींनी पानांवरचे रोग ओळखणारं छोटं इमेज मॉडेल शिकवलं, तेव्हा माझ्या त्याच बिचाऱ्या ४ जीबीच्या कार्डाने तिच्या मॅकबुकच्या निम्म्याहून कमी वेळात काम उरकलं. मॉडेल पिंपात बसलं होतं ना! शिवाय बहुतेक लायब्ररी आधी कुडावर चालतात. ॲपलच्या जीपीयूसाठी पायटॉर्चचा आधार २०२२ मध्ये आला, त्यांची स्वतःची एमएलएक्स लायब्ररी २०२३ मध्ये. तरी एखादं पॅकेज अडतंच.

पण शिकवायला मेमरीही प्रचंड लागते. नेहमीच्या ॲडम पद्धतीत एका पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट जातात: वजन, ग्रेडियंट, वजनाची पूर्ण अचूकतेची प्रत आणि ॲडमच्या दोन नोंदी. ७०० कोटी गुणिले १६, म्हणजे ११२ जीबी. हे २४ जीबीच्या कार्डात बसणार नाही. मेमरीची ही टंचाई जुनीच आहे. २०१२ मध्ये गाजलेलं अलेक्सनेट दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर वाटून शिकवलं गेलं, कारण एका कार्डावर ३ जीबीच होते. त्याला पाच-सहा दिवस लागले होते.

मोठ्या सेंटरमध्ये हीच वाटणीची युक्ती चालते. पुण्यातल्या सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयमध्ये ए१०० जीपीयू आहेत. नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत तो ६३ वा होता. अशा मशीनमध्ये प्रत्येक जीपीयूची एचबीएम मेमरी वेगळीच असते, पण अतिशय वेगवान. एका एच१०० मध्ये ८० जीबी आणि सेकंदाला ३३५० जीबी! आणि जीपीयू एकमेकांना बोळाने नाही, हमरस्त्याने जोडलेले असतात.

आपल्यासारख्यांसाठी वाट म्हणजे क्यूलोरा. २०२३ ची ही पद्धत मूळ मॉडेल चार बिटमध्ये दाबून गोठवते आणि वर छोटेसे जोडभाग शिकवते. ६५०० कोटींचं मॉडेल त्यांनी ४८ जीबीच्या एका कार्डावर शिकवून दाखवलं. आमचं ७०० कोटींचं मॉडेल आम्ही शेवटी असंच इंटरनेटवरच्या फुकट मिळणाऱ्या १६ जीबीच्या टी४ कार्डावर शिकवलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून.

विसरू नका असा खर्च

मॉडेलचा आकार म्हणजेच लागणारी मेमरी, हा माझा दुसरा गैरसमज. संभाषण लांबलं की मागचं लक्षात ठेवायलाही जागा लागते. लामा २ च्या ७०० कोटींच्या मॉडेलला प्रत्येक टोकनमागे सुमारे अर्धा एमबी, म्हणजे ४०९६ टोकनला २ जीबी. आणि युनिफाइड मशीनमध्ये ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, गाणी सगळी त्याच कोठीतून जेवतात. मॅक तर जीपीयूला सुरुवातीला दोन-तृतीयांश ते पाऊण हिस्साच देतो. १६ जीबी म्हणजे पूर्ण १६ नव्हे. आणि ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, जी घेतली ती घेतली.

आपल्या लॅबसाठी माझं मत

डिपार्टमेंटमध्ये सध्या चर्चा चालू आहे, की नव्या लॅबसाठी २४ जीबीच्या कार्डाचं डेस्कटॉप घ्यायचं की १२८ जीबीची युनिफाइड पेटी. एनव्हिडियाची डीजीएक्स स्पार्क २०२५ मध्ये आली. १२८ जीबी, सेकंदाला २७३ जीबी. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ मध्येही १२८ जीबीपर्यंत, वेग २५६. लहान तोंडी मोठा घास, पण गणित सांगते.

७००० कोटींचं मॉडेल चार बिटमध्ये सुमारे ४० जीबी होतं. २४ जीबीच्या कार्डात ते बसतच नाही. स्पार्कमध्ये बसतं, पण २७३ भागिले ४०, सेकंदाला सातच टोकन. याउलट मिक्स्ट्रलसारखं तज्ज्ञांत वाटलेलं मॉडेल (डिसेंबर २०२३) घ्या. एकूण ४६७० कोटी पॅरामीटर, पण एका टोकनला त्यातले सुमारे १२९० कोटीच वापरले जातात. आठ बिटमध्ये कोठीत ४७ जीबी साठवायचे, पण दरवेळी वाचायचे १३. म्हणजे २१ टोकन. अशा मॉडेलांना मोठी कोठी आणि मध्यम दार हेच सोयीचं. पण ज्या लॅबमध्ये एका बॅचची साठ मुलं छोटी मॉडेलं शिकवणार, तिथे वेगळ्या मेमरीचं कार्डच जास्त कामाचं. आधी काम ठरवा, मग कोठी. माझं मत विचारलं तर पहिलं कार्ड, आणि मोठी मॉडेलं चालवायची पेटी प्रोजेक्टवाल्यांसाठी नंतर.

दुकानात जाण्यापूर्वी

ज्युनिअर्सनो, घरच्यांचे पैसे घेऊन निघाला असाल तर चार प्रश्न कागदावर लिहून न्या. कार्डावरची स्वतःची मेमरी किती (बेरीज नको)? तिची बँडविड्थ किती? मी मॉडेल चालवणार की शिकवणार? रॅम नंतर वाढवता येते का, आणि पट्टी एक आहे की दोन? एकच पट्टी असेल तर रॅमचा वेग निम्मा होतो.

आमचा दुसरा रिव्ह्यू झाला. थर वाटून, मॉडेल चार बिटचं करून आम्ही माझ्याच लॅपटॉपवर डेमो दिला. बोंडअळी या वेळी झटकन आली. सर म्हणाले, "हं, आता चाललं."

त्या रात्री घरी फोन केला आणि बाबांना खरं सांगून टाकलं, की दुकानात मी न वाचता मान डोलावली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लॅपटॉप वाया गेला का गं?" मी म्हटलं, "नाही बाबा, पण १२ नाही, चारचाच आहे." तर म्हणाले, "चारचा तर चारचा. तुला कळलं ना आता कसं बघायचं ते? मग पुढच्या वर्षी शेजारच्या काकांचा मुलगा घेणार आहे, त्याच्याबरोबर तू जा."

जाणार आहे. या वेळी मान डोलावण्याआधी खिडकीतले तिन्ही आकडे वाचणार!